भुलीनंतरचे सात दिवस

 

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय, "माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना नर्सनं सांगितलं की पुढचे सात दिवस फक्त गर्भनिरोधक गोळीवर विसंबून राहू नका. पित्ताच्या खड्यांचा आणि गोळीचा काय संबंध?"

ताई, संबंध खड्यांशी नाही, भुलीशी आहे.

पूर्ण भूल देताना झोपेच्या औषधाबरोबर बऱ्याचदा स्नायू सैल करणारं औषधही देतात. रोक्युरोनियम हे त्यातलं एक. एरवी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, स्नायूवरच्या ठरलेल्या जागी बसतं आणि स्नायू आकसतो. रोक्युरोनियम त्या जागा आधीच अडवून बसतं. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून श्वास मशीन देतं.

ऑपरेशन संपलं की हा असर पूर्ण उतरायला हवा. थोडा जरी उरला, तरी श्वास अपुरा पडतो, खोकता येत नाही, लाळ फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञ मनगटापाशी विजेचे हलके झटके देऊन अंगठा किती जोरानं हलतो ते बघतात.

असर उतरवायचं जुनं औषध म्हणजे निओस्टिग्मिन. ते ॲसिटिलकोलिनचं विघटन रोखतं. मग त्याची गर्दी वाढते आणि ते आपली जागा परत मिळवतं. पण रोक्युरोनियमचा असर गाढ असेल, तर ही गर्दीही पुरत नाही. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून जोडीला आणखी एक औषध द्यावं लागतं.

सुगॅमाडेक्सची तऱ्हा वेगळी. ते गर्दी करत नाही, रोक्युरोनियमलाच पकडतं. हे औषध स्कॉटलंडमधल्या ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. युरोपात 2008 साली आणि इथे अमेरिकेत डिसेंबर 2015 मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

त्याचा रेणू बांगडीसारखा असतो. ग्लुकोजचे आठ घटक गोल जोडलेले, आणि मधे पोकळी. रोक्युरोनियमचा सांगाडा त्या पोकळीत नेमका बसतो. बांगडीच्या कडेला ऋण भार, रोक्युरोनियमवर धन भार, त्यामुळे पकड आणखी घट्ट होते. एका बांगडीत एक रेणू. रक्तातलं मोकळं रोक्युरोनियम असं कमी झालं, की स्नायूपाशी बसलेले रेणूही रक्तात परततात आणि तेही पकडले जातात. बहुधा दोन-तीन मिनिटांत ताकद परत येते. ही जोडी पुढे लघवीवाटे बाहेर पडते.

आता ताईंचा प्रश्न. बांगडी नाव विचारत नाही, आकार बघते. रोक्युरोनियमचा सांगाडा स्टेरॉइडचा असतो, आणि गर्भनिरोधकातल्या प्रोजेस्टोजेन या हार्मोनचाही तसाच. त्यामुळे तेही थोडं पकडलं जातं. परिणाम साधारण एक गोळी चुकल्यासारखा होतो. म्हणून गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवायची, पण सात दिवस कंडोमसारखा हार्मोन नसलेला उपायही वापरायचा. इंजेक्शन, इम्प्लांट, हार्मोनची कॉपी-टीसारखी साधनं, यांनाही हेच लागू.

सुगॅमाडेक्स सगळ्यांनाच देतात असं नाही. ॲट्राक्युरियमसारखी औषधं तर या बांगडीत बसतच नाहीत. तेव्हा तुम्हाला काय दिलं, ते विचारा. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी सांगा: गर्भनिरोधक काय घेता, किडनीचा आजार आहे का, आणि पूर्वी एखाद्या औषधाची ॲलर्जी आली होती का.

आणि एक. शुद्धीवर येताना ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून सूचना लेखी मागा. सासूबाई किंवा दीर भाषांतर करत असतील, तर हा विषय काढायला संकोच वाटणारच. अशा वेळी दुभाषा मागा. सरकारी निधी घेणाऱ्या इथल्या हॉस्पिटलांना ती सेवा विनामूल्य द्यावी लागते.