कादंबरीकार संपादक : ग. त्र्यं. माडखोलकर

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावात १९४५ साली जन्मलेल्या एखाद्या आजीबाईंना विचारा, "आजी, तुमचा जन्म कोणत्या राज्यातला?" त्या म्हणतील, "कोणत्या म्हणजे? इथलाच!" आणि त्यांचं काही चुकणार नाही. पण कागदोपत्री पाहिलं, तर त्यांचा जन्म झाला मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९५० साली त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. १९५६ साली गाव मुंबई राज्यात गेलं, आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. धानाची बांधी तीच, बोडी तीच, घरही तेच. पाटी मात्र तीन वेळा बदलली!

हे घडवून आणण्यात पुष्कळांचा हात होता. त्यांत पुढारी होते, तसा कादंबऱ्या लिहिणारा एक संपादकही होता. त्यांचं नाव गजानन त्र्यंबक माडखोलकर. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

कादंबरी लिहिणं आणि वर्तमानपत्र चालवणं ही दोन कामं एकाच माणसाला कशी जमतात, असं कुणी विचारील. पण हा योग जुना आहे. इंग्लंडमधला थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हा आधी पार्लमेंटातली भाषणं टिपून घेणारा बातमीदार होता, आणि १८४६ साली त्याने स्वतः एक दैनिकही सुरू केलं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकातूनच 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती दिली. माडखोलकर याच वाटेचे प्रवासी.

कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे काही मिळवलं ते स्वतःच्या वाचनाने. तरुणपणीच, १९२१ साली, 'आधुनिक कविपंचक' हे टीकेचं पुस्तक त्यांनी लिहिलं. पुण्याच्या रविकिरण मंडळातही ते होते. पण त्यांची खरी कर्मभूमी ठरली नागपूर. १९२४ च्या सुमारास ते गोपाळराव ओगल्यांच्या 'महाराष्ट्र' पत्रात आले आणि जवळजवळ वीस वर्षे तिथे राबले. पुढे १९४४ पासून १९६७ पर्यंत ते नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक होते.

वर्तमानपत्रातल्या या धबडग्यातच १९३३ साली त्यांची 'मुक्तात्मा' ही कादंबरी आली, आणि पुढच्याच वर्षी 'भंगलेले देऊळ'. देशातली राजकीय चळवळ आणि स्त्रीपुरुषांचं प्रेम यांची गुंफण हे त्यांच्या कादंबऱ्यांचं वैशिष्ट्य. मराठीत राजकीय कादंबरी रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात ते यामुळेच. भाषा भरजरी, संस्कृत शब्दांनी नटलेली. आजच्या वाचकाला ती थोडी जड वाटेल. पण त्या काळच्या तरुणांनी ती आवडीने वाचली.

म्हणजे लेखणीला वाचक मिळाले होते. मग १९४६ चा मे महिना उजाडला. बेळगावला साहित्य संमेलन भरलं आणि माडखोलकर अध्यक्ष झाले. त्या वेळी मराठी माणूस कुठे कुठे विखुरला होता पाहा! कुणी मुंबई इलाख्यात, कुणी निजामाच्या राज्यात, आणि नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा नि वऱ्हाडचे चार जिल्हे हिंदी भाषकांचं बहुमत असलेल्या मध्यप्रांतात. या सर्वांचं एक राज्य व्हावं, असं माडखोलकरांनी अध्यक्षपदावरून मांडलं. संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, आणि त्याच्या पाठपुराव्यासाठी समितीही नेमली. साहित्यिकांच्या मांडवातून निघालेली ही मागणी पुढे रस्त्यावर आली.

वाट सोपी नव्हती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ माडखोलकरांच्या घरालाही लागली. त्या अनुभवातून 'एका निर्वासिताची कहाणी' हे पुस्तक आलं. आपल्याच गावात निर्वासित होणं म्हणजे काय, हे त्या नावातच आलं. पण लेखणी त्यांनी खाली ठेवली नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विदर्भाचं वेगळं राज्य असावं, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने तशी शिफारसही केली होती. अखेर १ नोव्हेंबर १९५६ ला आपले आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पण ज्या बेळगावात तो ठराव झाला, ते बेळगाव मात्र बाहेरच राहिलं. ते आज कर्नाटकात आहे. संपादकाला हे शल्य शेवटपर्यंत पाहावं लागलं. २७ नोव्हेंबर १९७६ रोजी माडखोलकर वारले.

सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी फुटाण्यांच्या पुडीला लागतं, हे खरं. पण त्यातला एखादा विचार माणसांच्या मनात उतरला, तर नकाशाची रेघसुद्धा हलते. गुरुजी, उद्या वर्गात मुलांना एवढंच सांगा : घरी जाऊन आजीला विचारून या, तिच्या लहानपणी आपलं गाव कोणत्या राज्यात होतं? उत्तरं फळ्यावर लिहा. इतिहासाचा तास तिथूनच सुरू होईल.