डबे बोलके करू या!

मैत्रिणींनो, आपल्या फळीवरच्या कोणत्या डब्यात काय आहे, हे आपल्याला डोळे मिटूनही सांगता येतं. पण घरातल्या इतरांना?

गेल्या उन्हाळ्यात आईच्या आजारपणासाठी मी चार दिवस अंबाजोगाईला होते. इकडे बीडला थोरलीने भज्यांचं पीठ भिजवलं आणि सोडा समजून बोरिक पावडरीची डबी काढली. झुरळांसाठी आणलेली ती पूड मीच सोड्याशेजारी ठेवली होती. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना वास नाही. "अगं थांब, ती पोचा पडलेली डबी झुरळांची!" असं सासूबाई ओरडल्या म्हणून निभावलं. चूक मुलीची नव्हे, माझी. सगळं माझ्या डोक्यात, डबीवर काहीच नाही!

परत आल्यावर आधी बोरिक पावडर स्वयंपाकघरातून हलवली. विषारी वस्तूला नुसतं नाव पुरत नाही. ती मूळ पुड्यातच, मुलांचा हात पोचणार नाही अशा वेगळ्या जागी हवी.

मग मसाल्यांकडे वळले. आपल्या मराठवाड्यात काळा मसाला असतो, तसा येसरही असतो. धान्य-डाळी भाजून दळलेला येसर आमटीला दाटपणा आणतो. तो आणि धनेपूड शेजारी ठेवली, तर नव्या सुनेने ओळखावं कसं? डिंकाने लावलेली चिठ्ठी वाफेने आणि तेलकट हातांनी लवकरच कळकट होते. त्यावर हा घरगुती उपाय.

साहित्य : पांढरा कागद, काळं पेन, पार्सलची दोन इंची पारदर्शक चिकटपट्टी, कात्री, कोमट पाणी.

कृती : कागदावर ठळक अक्षरांत नावं लिहा आणि त्याची झेरॉक्स काढून आणा. झेरॉक्सची शाई म्हणजे प्लास्टिक मिसळलेली बारीक भुकटी. ती उष्णतेने कागदावर वितळवलेली असते, म्हणून पाण्याने जात नाही. पेनाची किंवा इंकजेट छपाईची शाई मात्र पसरते. झेरॉक्सच्या छापील बाजूवर चिकटपट्टी लावून चमच्याच्या पाठीने घासा, बुडबुडा राहू देऊ नका. नावं कापून पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात टाका. मागचा कागद भिजला की अंगठ्याने हळूहळू चोळून काढा. अक्षरं पट्टीवरच राहतात! पट्टी वाळली की चिकटपणा परत येतो. डबा साबणाने धुऊन, कोरडा करून त्यावर ती दाबून बसवा.

नाव झाकणावर नको, डब्याच्या अंगावर हवं. झाकणांची अदलाबदल होतेच. काळी अक्षरं स्टील, काच, पांढरं प्लास्टिक यांवर उठून दिसतात. मसाला कोणत्या महिन्यात केला, तेही लिहा. जुना आधी संपवता येतो. डबा तारेच्या घासणीने घासू नका.

आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही. म्हणून थोरलीने तिखटासाठी मिरची आणि हळदीसाठी हळकुंड काढून दिलं. सासूबाईंनी ते डबे स्वतः हातात घेऊन पट्ट्या चिकटवल्या.

परवा पुन्हा दोन दिवस आईकडे राहून आले. "जिरं कुठंय?" म्हणून एकदाही फोन आला नाही. स्वयंपाकघर आता माझ्या एकटीच्या डोक्यात राहिलेलं नाही, आणि खरं सांगू, डोकंही जरा हलकं झालंय!