लुंबिनीच्या वाटेवर तान्हं बाळ

वर्षावास संपला की वस्त्यांमधून धम्मसहलीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं फिरू लागतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि मग सीमा ओलांडून नेपाळातलं लुंबिनी. या दिवसांत आम्हाला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "ताई, सुनेचं बाळ सहा महिन्यांचं आहे. नेऊ का हिला, की ठेवू घरी?" विचारणारी सासू असते. सून मागे बाळ घेऊन उभी असते. तिला जायचं असतं, पण ती बोलत नाही.

आमचं उत्तर बहुतेक वेळा "न्या" असंच असतं. महामाया स्वतः प्रवासात होती. देवदहला माहेरी निघाली असताना वाटेत लुंबिनीच्या वनात तिची प्रसूती झाली. त्या जागेवर जाताना लेकुरवाळीलाच मागे ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही. पण तीच महामाया बाळंतपणानंतर सातव्या दिवशी गेली आणि बाळाला महाप्रजापती गौतमीने वाढवलं, हेही आपल्याला ठाऊक आहे. बाळंतीण आणि तान्हं बाळ किती नाजूक असतात, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीतही आहे. म्हणून नेताना तयारीने न्यायचं.

काही बाळांना मात्र नेऊ नये. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, जन्माला वजन कमी असलेलं आणि अजून नीट न भरलेलं बाळ, नुकताच न्यूमोनिया किंवा जुलाब होऊन गेलेलं बाळ. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी राहिल्या असतील तर आधी त्या घ्या. आईला बाळंत होऊन सहा आठवडे झाले नसतील तर तिनेही थांबावं. लुंबिनी पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे.

आता प्रवास केवढा आहे ते बघा. मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वेने तीस तासांच्या आसपास, गाडी उशिरा धावली तर त्याहून जास्त. गोरखपूरहून सोनौलीची सीमा नव्वद-शंभर किलोमीटर, ते बसने. सीमेपलीकडे भैरहवा आणि तिथून लुंबिनी आणखी वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे घरातून निघाल्यापासून दोन दिवस बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर.

या दोन दिवसांत जे सगळ्यात वाईट घडतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. एका सहलीत आठ महिन्यांचं बाळ रात्रभर रडत होतं. डब्यातली माणसं वैतागली. कुणीतरी म्हणालं, "खोकल्याचं औषध द्या दोन चमचे, झोपेल." दिलं. बाळ झोपलं, आणि सकाळी हलवलं तरी डोळे उघडेना. श्वास मंद, ओठ फिके. पुढच्या स्टेशनावर उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ वाचलं. पण आई पुढे लुंबिनीला आलीच नाही, आणि "तूच पाजलंस" हे तिला आजही ऐकावं लागतं. पाजायला सांगणारा त्यात कुठेच नाही.

खोकला-सर्दीच्या बऱ्याच औषधांत गुंगी आणणारा भाग असतो. बाळाच्या छोट्या शरीराला तो झेपत नाही, श्वास मंदावतो. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 साली सांगितलं आहे. अफूची बोंडं उगाळून देण्याची जुनी रीत तर याहून घातक. बाळ झोपावं म्हणून कसलंही औषध द्यायचं नाही, मग डबा कितीही ओरडो. रडणारं बाळ भुकेलेलं असतं, ओलं असतं, उकडत किंवा गारठत असतं, नाहीतर गोंगाटाने दमलेलं असतं. आधी हे बघा. मग चौघांनी आळीपाळीने त्याला घेऊन डब्यात फेरी मारा.

बाळाइतकाच आईचा प्रश्न मोठा आहे. आपल्या बायका गाडीतल्या संडासाला घाबरून पाणीच पीत नाहीत. मोरी घाण, दाराशी पुरुष उभे, आणि बाळ कुणाकडे द्यायचं? म्हणून सकाळपासून दोन घोट पाण्यावर राहतात. मग लघवीला जळजळ, डोकेदुखी, गळून जाणं, आणि पाजायला बसलं की दमलेल्या बाईला वाटतं, दूधच आटलं. मग कुणीतरी बाटली पुढे करतं. खरं तर तिला पाणी, जेवण आणि दोन तास झोप दिली तर दुधाची काळजी करावी लागत नाही. खालचा बर्थ तिचा, खिडकीची बाजू तिची, आणि ती संडासला जाईल तेव्हा सोबत एक बाई दाराशी, दुसरी बाळाजवळ. हे सहलप्रमुखाने निघण्याआधीच ठरवून द्यावं. पाजायला आडोसा म्हणून एक जुनी सुती साडी आणि चार चिमटे पुरतात.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारने व मालकानेही उचलावा, अशी बाजू मांडली होती. पन्नास माणसांच्या आपल्या सहलीला एका आईचा भार उचलता येऊ नये? पण होतं असं की मुक्कामी पोचल्यावर पुरुष फोटो काढायला जातात आणि हीच बाई बाळाला काखेत मारून भाजी चिरायला बसते.

दुधाबद्दल. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको, ग्राइप वॉटर नको, बाळगुटीही नको. आईचं दूध कुठं उकळावं लागत नाही आणि सांडतही नाही. बाटली प्रवासात नीट धुता येत नाही. वरचं दूध चालूच असेल तर वाटी-चमच्याने द्या, आणि कोमट दूध थर्मासात तासन्‌तास ठेवू नका, त्या ऊबेत जंतू फार लवकर वाढतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला ताजा मऊ वरण-भात, हाताने सोललेलं केळं, घरून नेलेलं भाजलेल्या नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात शिजवून. स्टेशनवरची कापलेली फळं आणि उघडं पाणी नकोच.

तरी जुलाब लागले तर? आशाताईंकडून ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या निघण्याआधीच मागून घ्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. प्रवासात याचा सोपा मार्ग म्हणजे सीलबंद एक लिटरची पाण्याची बाटली घ्यायची आणि तिच्यात अख्खं पाकीट रिकामं करून हलवायचं. अर्धं पाकीट पेल्यात, चिमूटभर भांड्यात, असं करू नका. लहान पाकीट 200 मिलिलिटरचं असतं, म्हणून वरचं वाचून घ्या. दोन महिन्यांवरच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. केलेलं पाणी 24 तासांनंतर फेकून द्यायचं. झिंक 14 दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावर 20. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. आणि दुकानात मिळणारे गोड सरबताचे डबे म्हणजे ओआरएस नव्हे.

बाळ पीत नाही, सुस्त पडलं आहे, डोळे खोल गेले, शौचात रक्त, झटका आला, श्वास भराभर चालतो किंवा छाती आत ओढली जाते, सहा तास लघवी नाही, यातलं एकही दिसलं की सहल सोडा आणि दवाखाना गाठा. रेल्वेत 139 वर फोन करा किंवा टीसीला सांगा, पुढच्या मोठ्या स्टेशनावर डॉक्टर बोलावता येतो. उत्तर प्रदेशात आपल्यासारखीच 108 ची गाडी आहे. नेपाळात मात्र 108 लागत नाही, तिथं रुग्णवाहिकेसाठी 102. आपलं सिम रोमिंगशिवाय पलीकडे चालत नाही, म्हणून गटातल्या एकाकडे तरी तिकडे चालणारा फोन हवा.

सीमेवर भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र लागतं. नुसतं आधार धरलं जात नाही. बाळाला पासपोर्टची अट नाही, पण त्याचा जन्मदाखला आणि बाल आधार जवळ ठेवा. सोबत लसीकरणाचं कार्डही, दवाखान्यात आधी तेच विचारतात. आपलीच बस पलीकडे न्यायची असेल तर तिच्या नोंदीत आणि करात, ज्याला तिकडे भन्सार म्हणतात, बराच वेळ मोडतो. तेवढा वेळ आई-बाळाला धुळीत उभं करू नका, सावलीत बसवा.

हवेचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीत त्या तराईत दाट धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी. टोपडं, पायमोजे, दोन-तीन पातळ कपडे एकावर एक. बाळाचं पोट हाताला गार लागलं तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळा, त्यासारखी ऊब नाही. वैशाखी पौर्णिमेला उलट, आग ओतणारं ऊन. लुंबिनीचं आवार फार मोठं आहे, मायादेवी मंदिराशी चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी तापते. तेव्हा दर्शन सकाळी लवकर.

डासांकडे मात्र दुर्लक्ष नको. गोरखपूर आणि तराईचा हा पट्टा जपानी मेंदूज्वराचा. भातखाचरांत वाढणारा डास तो पसरवतो आणि तो संध्याकाळनंतर चावतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत हा आजार जास्त. याची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, पण सरकारी लसीकरणात ती ठरावीक जिल्ह्यांतच आहे, म्हणून आपल्या आरोग्य केंद्रात आधी विचारा. लहान बाळासाठी घडीची मच्छरदाणी न्या आणि दिवे लागायच्या आत पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. दोन महिन्यांखालच्या बाळाला डासांचं मलम लावायचं नाही.

परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत बाळाला ताप आला, ते गळून पडलं किंवा झटका आला, तर घरी औषध करत बसू नका. सरकारी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा: आम्ही गोरखपूरकडून लुंबिनीला जाऊन आलो, अमुक तारखेला परतलो.