रोजचा वरण-भात, रविवारचा वडाभात: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत भात हे मुख्य अन्न. जोडीला बांधीतली लाखोळीची डाळ, जंगलातले वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), पावसाळ्यातल्या सात्या (रानातल्या आळिंब्या). यांतलं काही अर्ध्या तासात ताटात येतं, काहीला अख्खी सकाळ द्यावी लागते. हा फरक ओळखला की आठवड्याचा बेत जमतो. तो न कळल्यामुळे साध्या जेवणाचा उगाच कमीपणा वाटतो आणि वेळखाऊ पदार्थ घाईत उरकले जातात.

गैरसमज: रात्री नुसतं वरण-भात म्हणजे अपुरं जेवण.

वस्तुस्थिती: तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. म्हणून ही जोडी पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहे. सोबत अंबाडी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि लिंबाची फोड असली की ताट पूर्ण झालं. लिंबामुळे पाल्यातलं लोह अंगी लागायलाही मदत होते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला बारीक एचएमटी तांदूळ देशभर गेला. तो तर आपल्या घरचाच. घरी आल्याबरोबर तांदूळ आणि डाळ भिजत घाला. भाजी चिरून होईपर्यंत दोन्ही कुकरला लावायला तयार होतात.

गैरसमज: रविवारी सगळं शिजवून ठेवलं की आठवड्याची चिंता मिटली.

वस्तुस्थिती: भाताच्या बाबतीत हे धोक्याचं आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजवतानाही जिवंत राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात पसरून लवकर गार करावा, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. रविवारी स्वयंपाकाऐवजी तयारी करून ठेवणं जास्त उपयोगाचं: लसूण सोलणं, पालेभाजी निवडणं, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून फ्रिजमध्ये ठेवणं. संध्याकाळचा खरा वेळ याच कामांत जातो.

गैरसमज: वास्ते म्हणजे साधी रानभाजी, चिरले की फोडणीला टाकायचे.

वस्तुस्थिती: बांबूच्या कोवळ्या कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं. कोंब पातळ चिरून, भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळले की ते निघून जातं. हे पाणी फेकून द्यावं, रश्श्याला वापरू नये. कडवटपणा राहिला तर पाणी बदलून पुन्हा उकळावं. म्हणून वास्ते रविवारीच करावेत. सात्यांना मात्र हा उपाय लागू नाही. विषारी आळिंब्यांतली काही विषं उकळूनही टिकतात, आणि चांदीचा चमचा काळा पडतो का, ही परीक्षा पूर्णपणे खोटी आहे. खात्रीने ओळखणारं माणूस सोबत नसेल तर सात्या घरी आणूच नयेत.

गैरसमज: लाखोळी विषारी आहे, ताटात नकोच.

वस्तुस्थिती: लाखोळीत ओडीएपी हे द्रव्य असतं. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खावी लागली, तेव्हा माणसांचे पाय लुळे पडले. या धोक्यामुळे 1961 मध्ये तिच्या विक्रीवर निर्बंध आले. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडीएपी असलेले वाण तयार झाले. हे द्रव्य पाण्यात विरघळतं, त्यामुळे डाळ भिजवून ते पाणी आणि उकळल्यावरचं पाणी टाकून दिलं की त्याचा बराच भाग जातो. अधूनमधून, इतर डाळींबरोबर, थोडी लाखोळी खावी. रोजचं मुख्य अन्न करू नये.

गैरसमज: वडाभातासारखा बेत म्हणजे दिवसभराचा खटाटोप, आणि तोही एकाच जेवणापुरता.

वस्तुस्थिती: वडाभाताचा बहुतेक वेळ डाळी भिजण्यात जातो आणि तेव्हा आपले हात मोकळेच असतात. शनिवारी रात्री हरभरा, तूर, मूग आणि उडदाची डाळ भिजत घाला. सकाळी पाणी निथळून जाडसर वाटा, त्यात मीठ, तिखट, हळद, सांबार (कोथिंबीर) घालून वडे तळा. गरम भातावर वडे कुस्करून मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओता, सोबत कढी घ्या. उरलेले वडे फ्रिजमध्ये ठेवा. सोमवारी ते उकळत्या कढीत सोडले की संध्याकाळची भाजी झाली.

या आठवड्यापासून एवढं करा: रोज रात्री वरण-भाताला मान द्या, आणि ज्या पदार्थाला भिजण्या-उकळण्याचा वेळ हवा, त्याला रविवार द्या. घाईच्या संध्याकाळी वास्ते शिजवायला घेऊ नका.