माणसं हवीत, पण ती राहणार कुठे?

लुइस्टनमधल्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात माणसं नेमण्याचं काम मी करते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात या कामाला उसंत नसते. रात्रपाळीला नर्सिंग असिस्टंट मिळाल्या नाहीत, तर खाटा असूनही आम्हाला नवे आजी-आजोबा दाखल करून घेता येत नाहीत.

मेनचं मध्यक वय ४५च्या आसपास आहे, म्हणजे निम्मी वस्ती पंचेचाळिशीच्या पुढची. पन्नास राज्यांत इतकं म्हातारं राज्य दुसरं नाही. जवळपास ९० टक्के जमीन जंगलाखाली आणि माणसं साधारण १४ लाख, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याहूनही कमी. दहा वर्षांहून अधिक काळ इथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत आहेत. तरी करोनानंतर लोकसंख्या थोडी वाढली, ती बाहेरून आलेल्यांमुळेच.

तरुण गेले ते कामामागे. मिलिनॉकेट हे अख्खं गाव कागद गिरणीच्या जिवावर उभं राहिलं होतं. २००८मध्ये गिरणी बंद पडली आणि शिकलेल्या मुलांना तिथे थांबण्याचं कारण उरलं नाही.

राज्य सरकार स्वस्थ बसलेलं नाही. २०१९च्या अखेरीस आलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात ७५ हजार माणसं मनुष्यबळात आणायचं ठरलं. इथे राहून काम करणाऱ्या पदवीधरांना शैक्षणिक कर्जापोटी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळते. मुलाखतीला आलेली मुलं तिची चौकशी हमखास करतात. जन्मदर वाढवा, असं सुचवणारेही भेटतात. पण आज पाळण्यात असलेलं बाळ माझ्या रात्रपाळीला यायला वीस वर्षं लागतील!

बाहेरून माणसं येणं लुइस्टनला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापड गिरण्या क्युबेकहून आलेल्या फ्रेंच भाषक मजुरांनी चालवल्या. २००१पासून सोमाली कुटुंबं आली. पुढच्याच वर्षी महापौरांनी जाहीर पत्र लिहून, आता येणाऱ्यांचा ओघ आवरा, असं त्यांना सुचवलं. जानेवारी २००३मध्ये वंशवाद्यांनी इथे सभा घेतली, तेव्हा तिच्या विरोधात हजारो लोक जमले. २०१५मध्ये लुइस्टन हायस्कूलचा फुटबॉल संघ राज्यात पहिला आला, त्यात सोमाली मुलं बरीच होती. ओसाड पडलेल्या लिस्बन स्ट्रीटवर सोमाली दुकानं उघडली. आमच्याकडेही त्या समाजातल्या मुली काम करतात. आजी-आजोबांशी त्यांचं चांगलं जमतं.

खरी अडचण कागदांची आहे. २०१९च्या उन्हाळ्यात काँगो आणि अंगोलामधून आश्रय मागायला आलेली शेकडो माणसं मेनमधल्याच पोर्टलंडच्या एक्स्पो क्रीडागृहात उतरली. देशाच्या कायद्याप्रमाणे आश्रयासाठी अर्ज केल्यावर साधारण सहा महिने कामाचा परवाना मिळत नाही. कामाला तयार असलेली बाई माझ्यासमोर बसलेली असते, जागा रिकामी असते आणि मला तिला ‘परवाना आल्यावर या’ म्हणावं लागतं.

परवाना आला, की घराचा प्रश्न. २०३०पर्यंत राज्याला ७६ ते ८४ हजार नवी घरं लागतील, असं २०२३च्या सरकारी अभ्यासात म्हटलं आहे. आणि देशात हंगामी घरांचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते याच राज्यात! किनाऱ्यावरची कितीतरी घरं उन्हाळ्यापुरती उघडतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरकडची. आमच्याकडच्या माणसाला अशी बंद घरं नवी नाहीत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही घटली. आमच्या वाडीतली घरंही गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. फरक एवढाच, की तिथे रोजगार नाही म्हणून घरं बंद असतात, इथे रोजगार आहे आणि त्यासाठी आलेल्याला भाड्याने खोली मिळत नाही.

एका जागेवर एकाहून अधिक घरं बांधायला मुभा देणारा कायदा मेनने २०२२मध्ये केला. मला तो करसवलतीहून महत्त्वाचा वाटतो. सवलत पाहून माणूस चौकशी करतो. परवडणारं भाडं, मुलांना पाळणाघर आणि हातात परवाना असेल, तरच तो संसार मांडतो. कामाचा परवाना दिल्लीसारखा दूर, वॉशिंग्टनच्या हाती आहे. घरं बांधू देणं मात्र राज्याच्या आणि गावाच्या हाती आहे. त्यामुळे नगरसभेत शेजारच्या इमारतीला विरोध करणाऱ्यांनी आपल्या म्हातारपणी रात्रपाळीला कोण येणार, याचंही उत्तर तिथेच द्यायला हवं.