खिडकीचा पडदा : शोभेआधी सोय

सुगी आटोपते, धान्य घरात येते, भिंतींना रंग लागतो आणि मग घरच्या बाईचे लक्ष खिडक्यांकडे जाते. घरात लग्नकार्य निघाले असेल तर विचारायलाच नको. जुन्या मातीच्या घरांना खिडक्या लहान आणि उंचावर असत; तिथे पडद्याची गरज भासत नसे. आता विटा-सिमेंटची घरे झाली, तीन बाय चार फुटांच्या खिडक्या आल्या, घरे रस्त्याला लागून उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर थेट आत पोचते. म्हणून पडदा हा आता शहरी थाट राहिलेला नाही, ती घरातल्या बायामाणसांची गरज आहे.

पण ही खरेदी बहुतेक वेळा घाईत होते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचे, दुकानदाराने पुढे टाकलेले चकचकीत, जाड पडदे घ्यायचे आणि घरातल्या सगळ्या खिडक्यांना सारखेच लावून मोकळे व्हायचे. आठ दिवसांत त्रास कळतो. खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागतो, वारा अडतो, आजारी माणसाचा जीव घुसमटतो. मग तोच पडदा गुंडाळून खिडकीच्या गजाला खोचला जातो. पैसे तर गेलेच, पण आडोसाही राहिला नाही. हे टाळायचे असेल तर भगिनींनो, दुकानात जाण्याआधी घरातली एकेक खिडकी पाहा आणि तिच्याकडून आपल्याला काय हवे ते ठरवा.

खिडकीचे तोंड कोणीकडे?

पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे कोवळे ऊन येते. ते अडवू नका. तिथे पातळ सुती पडदा पुरे. दक्षिणेची खिडकी थंडीत उपयोगी पडते, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येते. तिथला पडदा सहज बाजूला सारता आला पाहिजे. उत्तरेच्या खिडकीतून उजेड मिळतो, ऊन फारसे येत नाही. तिथे फक्त आडोशाचा विचार करावा.

खरा ताप पश्चिमेच्या खिडकीचा. चैत्र-वैशाखात दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन तिथून थेट आत शिरते. पुष्कळ जण तिथे गडद रंगाचा जाड पडदा लावतात. परंतु ऊन एकदा खिडकीच्या आत आले की त्याची उष्णताही आत आली. आतला पडदा ती थोडीच अडवणार! म्हणून पश्चिमेचे ऊन बाहेरच अडवावे. खिडकीबाहेर बांबूची चिक किंवा धुतलेले गोणपाट थोडे अंतर ठेवून टांगावे, म्हणजे मधून हवा खेळते. आतला पडदा मात्र फिकट रंगाचा घ्यावा. गडद रंग उन्हाने लवकर विटतो आणि तापतोही.

विदर्भात, मराठवाड्यात वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारण्याची चाल जुनी आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि आत येणारा वारा गार होतो. कोकणात हा उपाय चालत नाही. तिथली हवा आधीच दमट असल्याने पाणी उडत नाही, उलट घरात ओल वाढते.

आडोसा हवा, पण वाराही हवा

घरातल्या सुनेला, वयात आलेल्या मुलीला वेणीफणी करायला, कपडे बदलायला, बाळाला पाजायला निवांत जागा लागते. तशी जागा नसली की बायका भरउन्हात खिडकीची दारे लावून घेतात आणि आत उकडून निघतात. यावर सोपा उपाय म्हणजे अर्धा पडदा. खिडकीच्या मधोमध तार ओढून फक्त खालचा भाग झाकावा. बाहेरून चालणाऱ्याची नजर अडते आणि वरच्या मोकळ्या भागातून उजेड व वारा येत राहतो. गल्लीकडच्या खिडकीला यापेक्षा सोयीचा पडदा नाही. बाहेरचा ओटा किंवा रस्ता उंच असेल तर मात्र तार त्या मानाने वर घ्यावी.

पडद्याचे कापड निवडताना एक गोष्ट अवश्य तपासा. पातळ कापडातून दिवसा बाहेरच्याला आतले काही दिसत नाही, पण रात्री आत दिवा लागला की सगळे दिसते. म्हणून एखादी जुनी साडी खिडकीला टांगा, आत दिवा लावा आणि अंगणात उभे राहून पाहा. किती घट्ट विणीचे कापड लागेल याचा अंदाज येतो.

घरात क्षयाचा किंवा जुन्या खोकल्याचा रोगी असेल तर त्याच्या खोलीची खिडकी पडद्याने बंद ठेवू नये. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा खेळती राहिली की ते विरळ होतात आणि घरातल्या इतरांचा धोका कमी होतो. डासांसाठी मात्र पडद्यावर विसंबू नका. त्यासाठी खिडकीला बारीक जाळीच हवी.

कापड कोणते घ्यावे?

आपल्याकडे कापडाला तोटा नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि आज ते गाव मागांसाठी ओळखले जाते. मालेगाव, भिवंडीही तशीच. घट्ट विणीचे साधे सुती कापड पडद्याला उत्तम. मांजरपाट स्वस्त पडते, टिकते आणि घरी रंगवताही येते. खादीही छान दिसते.

पॉलिस्टरचा पडदा चुरगळत नाही, लवकर वाळतो, म्हणून पावसाळी भागात लोक तो पसंत करतात. त्याचा दोष हा, की आगीजवळ तो वितळतो आणि वितळलेले कापड अंगाला चिकटले तर खोल भाजते. सुती कापडही पेट घेते, हे विसरू नये. तेव्हा चूल, गॅस, देवघरातली समई यांच्याजवळ कोणताच पडदा वाऱ्याने उडून पोचता कामा नये. स्वयंपाकघराच्या खिडकीला शक्यतो पडदा लावूच नये. तिथून धूर बाहेर जायला हवा. आडोसा हवाच असेल तर खिडकीच्या बाहेर जाळी किंवा चिक लावावी.

मोजमाप आणि हिशेब

खिडकी ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच आहे असे धरू. दांडी दोन्ही बाजूंना ४-४ इंच जास्त घ्यावी, म्हणजे ती ४४ इंच होईल. पडद्याला चुण्या पडण्यासाठी कापडाची रुंदी दांडीच्या दीडपट, म्हणजे ६६ इंच लागते. ३६ इंच पन्ह्याचे दोन तुकडे घेतले की ७२ इंच होतात. त्यातून कडेची दुमड निघते.

आता लांबी. खिडकीचे ४८ इंच, वर ४, खाली ६, नेफ्याला ४ आणि तळच्या दुमडीला ४, असे ६६ इंच झाले. सुती कापड धुतल्यावर आटते, त्यासाठी ३ इंच जास्त धरा. असे ६९ इंच, म्हणजे पावणेदोन मीटर. दोन तुकड्यांना साडेतीन मीटर कापड लागेल. अर्ध्या पडद्याला याच्या निम्म्याहून थोडे अधिक पुरते. कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. आटायचे ते आधीच आटते आणि रंग जातो का तेही कळते.

पडदा जमिनीला टेकेल इतका लांब शिवू नका. शेतातल्या घरात विंचू-किड्याला तेवढाच आसरा मिळतो. पाळण्याजवळच्या खिडकीला लोंबत्या दोऱ्या ठेवू नका. लहान मूल त्यात अडकू शकते.

ट्रंकेतली साडी

नवे कापड घ्यायलाच हवे असे नाही. जुन्या सुती साडीचे पडदे फार सुंदर होतात, काठ तर आयतेच मिळतात. साडेपाच मीटरच्या साडीतून पावणेदोन मीटरचे तीन तुकडे निघतात. साडीचा पन्हा मोठा असल्याने दोन तुकड्यांत एक खिडकी झाकते आणि तिसरा लहान खिडकीला होतो. नऊवारी लुगड्यात दोन खिडक्या होतात. साडी उजेडासमोर धरून विरलेला भाग आधी पाहा. तो गोधडीला ठेवा आणि चांगला भाग पडद्याला घ्या. बियाण्याच्या किंवा औषधांच्या पिशव्या मात्र कितीही मजबूत दिसल्या तरी घरात पडद्याला वापरू नका.

निगा

खेड्यात धूळ फार. मळणीच्या दिवसांत तर विचारू नका. पडदे महिन्यातून एकदा धुवावेत, उलटी बाजू उन्हाकडे करून वाळवावेत. घराला लागून शेत असेल तर फवारणीच्या दिवशी खिडकीची दारेच लावून घ्या. पडद्याने औषधाचे तुषार अडत नाहीत, उलट ते कापडात मुरतात. पावसाळ्यात ओले पडदे दाटीने टांगून ठेवू नका, बुरशी धरते.

सगळ्या खिडक्यांचे पडदे एकदम झाले पाहिजेत असेही नाही. यंदा गल्लीकडची आणि पश्चिमेची एवढ्या दोनच खिडक्या करा. जिथे घरातल्या लेकीसुनांना आडोसा नाही आणि जिथे ऊन सोसत नाही, तिथला मान पहिला. बैठकीची शोभा पुढच्या सुगीला झाली तरी चालते.