पाठीवरची शेगडी

मीरा रोडच्या शांती नगरमधून शनिवार-रविवार गाठून हरिश्चंद्रगडाला जाणाऱ्यांच्या सॅकमध्ये हल्ली मुठीत मावणारा गॅस बर्नर दिसू लागला आहे. जेमतेम २५ ग्रॅमचे बर्नरही मिळतात आणि विकत घेताना सगळा काथ्याकूट त्या वजनावरच होतो. खरं ओझं असतं ते गॅसच्या डब्याचं. २३० ग्रॅम गॅसचा डबा रिकामा झाला तरी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो.

गड १,४२४ मीटर उंच. तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. २५ अंशांचं लिटरभर पाणी तिथवर तापवायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम ब्युटेन जळून जवळपास ४५ किलोज्यूल मिळते. म्हणजे साडेसहा ग्रॅम गॅस पुरायला हवा. निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर तेरा. झाकण विसरलात आणि कोकणकड्याचा वारा लागला, की मग हिशेबच नको! आच मोठी केली की ज्योत भांड्याच्या कडांवरून वर निसटते. पाणी थोडं लवकर उकळतं, गॅस मात्र बराच जास्त जातो. पसरट बुडाचं भांडं, घट्ट झाकण, मध्यम आच. महागड्या बर्नरपेक्षा यानेच जास्त गॅस वाचतो.

डिसेंबरातल्या पहाटे चहा ठेवला की ज्योत आधी जोरात असते, मग मलूल होत जाते. डब्याला हात लावून पाहा: गारठलेला, वर दव धरलेलं. आतल्या द्रवाचा वायू होताना तो डब्याचीच उष्णता खेचून घेतो आणि ब्युटेनचा उत्कलनबिंदू असतो उणे अर्धा अंश, म्हणून डबा गारठला की वायू कमी होत जातो. डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावा. वाऱ्याला एका बाजूने दगडांचा आडोसा करावा. पत्र्याने डबा चहूबाजूंनी वेढला तर तो तापून फुटू शकतो. आणि बंद तंबूत शेगडी नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्पिरिटची डबी याहून सुटसुटीत, पण तिची ज्योत उन्हात दिसत नाही आणि त्या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं. मी ती नेणार नाही. तीन दगडांची चूलही बाद, कारण हे अभयारण्य आहे.

राहिला प्रवास. दादरला गाडी बदलून कसारा लोकल पकडणाऱ्याला गॅसचा डबा नेताच येत नाही. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १६४ नुसार घातक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पायथ्याच्या पाचनईत आणि गडावरही पिठलं-भाकरी मिळते; एका मुक्कामासाठी शेगडी कशाला? हिमालयात जाणाऱ्यांना ती लागतेच. विमानातही डबा चालत नाही, तेव्हा तो लेह-मनालीतच घ्यावा आणि घेताना वरची अक्षरं वाचावीत. नुसता ब्युटेन तिथल्या रात्री पेटायचा नाही. उणे १२ अंशांना उकळणारा आयसोब्युटेन आणि उणे ४२ चा प्रोपेन यांचं मिश्रण हवं.